परत न न्यायचं बुडकुलं

दिंग सूमेईचं हृदय दुपारी धडधडायला लागायचं. सकाळी नाही, रात्रीही फारसं नाही. जेवणाची भांडी घासून झाली, फडकं वाळत टाकलं, आणि आता संध्याकाळपर्यंत करण्यासारखं काही उरलं नाही हे ध्यानात आलं, की छातीत कुणीतरी दार ठोठावायला लागायचं. नवरा गेल्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मुलगा हाइथाओ लांब निंगबोला, बंदरावर नोकरीला. तो रविवारी फोन करायचा. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे. तू जेवलास?" "जेवलो." एवढं बोलून दोघंही सुटल्यासारखी गप्प व्हायची. आपल्याकडे आईने मुलाला आणि मुलाने आईला चांगलं तेवढंच कळवायचं असतं, आणि कळवण्यासारखं चांगलं दोघांकडेही फार नसलं की फोन असे आटोपशीर होतात.

मोठ्या दवाखान्यात तिच्या छातीला तारा चिकटवून कागदावर रेघोट्या काढल्या. तरुण डॉक्टरने त्या पाहून सांगितलं की हृदय उत्तम आहे, वय झालंय इतकंच. सूमेईला हे पटलं नाही. सगळी हयात तिने हानदानच्या कापडगिरणीत, साळखात्यात काढली होती. उत्तम चाललेली वस्तू अशी वाजत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून ती भाजीच्या गल्लीमागे मेंग वैद्यांकडे गेली. मेंग वैद्य गिरणीच्या सगळ्या वसाहतीचे. गिरणी बंद पडली, माणसं पांगली, पण त्यांचा बाक आणि त्यांच्या औषधांचे लाकडी खण तिथेच होते.

वैद्यांनी तिचं मनगट उशीवर ठेवून तीन बोटं टेकली आणि डोळे मिटले. बराच वेळ झाला तेव्हा सूमेईला वाटलं, म्हातारबुवांना डुलकी लागली.

"जीभ दाखव," ते एकदम म्हणाले. तिने दाखवली. "शेंड्याला लाल आहे आणि सगळी कोरडी. दिवसभरात बोलतेस कुणाशी?"

"कुणाशी बोलू? भिंतीशी?"

"बघ म्हणजे. अगं, हृदय हा राजा, आणि मन त्याच्या घरी वस्तीला असतं. घर कोरडं पडलं की मन तिथे टिकत नाही, भटकत सुटतं. तू जे ठोकणं ऐकतेस ना, ते त्याचं येणं-जाणं. जीभ म्हणजे हृदयाचा कोंब. वापरली नाही की सुकते." त्यांनी खण उघडून मोजून मोजून पुड्या बांधल्या. रानबोरांच्या बिया, सुकवलेले लिलीचे कांदे, ज्येष्ठमध, आणि आणखी कसली कसली मुळं. "मातीच्या बुडकुल्यात मंद आचेवर काढा कर. लोखंडाला लावू नकोस. भर दुपारी डोळे मिटून पडून राहा, ती हृदयाची वेळ असते. आणि सकाळी चौकात छीगोंगच्या व्यायामाला जात जा. तिथे बोलायला बायका असतात. तोही औषधाचाच भाग समज."

आता काढ्यासाठी बुडकुलं हवं. तिच्या घरचं होतं, पण नवऱ्याचं आजारपण त्यातच शिजलं होतं आणि तो गेला त्या आठवड्यात तिने ते फोडून टाकलं होतं. नवं विकत मिळालं असतं. पण वसाहतीत काढ्याचं बुडकुलं विकत आणत नसत. ते मागून आणायचं असे, आणि सगळ्यांत नामी बुडकुलं क्वो युनशियाचं.

युनशिया सूमेईहून थोडी मोठी. सतरा वर्षांची सूमेई गावाकडून गिरणीत आली तेव्हा तुटलेला धागा चालू मागावर कसा गाठायचा, हे तिला युनशियाने शिकवलं होतं. शिकवताना बोटांवर फटकेही दिले होते. तेव्हापासून ती ताई. समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. तीही विधवा, पण विधवेसारखी वागायची नाही. चौकातल्या छीगोंगच्या रांगांपुढे रोज सकाळी तीच उभी राहायची, आणि कुणाचा गुडघा वाकत नसला की तिथूनच ओरडायची, "पानभाऊ, पाय मोडलाय की आळस?"

तिचं बुडकुलं गडद तपकिरी होतं, आखूड चोचीचं, काढे पिऊन पिऊन आतून काळं झालेलं. पूर्वी ते एका घरात पंधरा दिवस कधी टिकलं नाही. कुणाच्या पोराला खोकला, कुणाच्या सासूचे सांधे. "बुडकुलं कुणाकडे आहे?" असं विचारत माणूस चार दारं ठोठावायचा, चार ठिकाणी चहा प्यायचा, आणि घरी येईतो अर्धा बरा झालेला असायचा. नियम एकच होता. नेलेलं बुडकुलं परत आणून द्यायचं नाही. ज्याला हवं तो येऊन मागून नेईल, आणि कुणालाच नको असेल तर आनंदच आहे, राहू दे पडून. आपल्या पायाने बुडकुलं कुणाच्या दारात नेणं म्हणजे आपलं आजारपण त्याच्या दारात नेऊन ठेवणं.

"ने," युनशिया म्हणाली. "आणि काय झालंय तुला? हृदय? तुला हृदय आहे हे आत्ता कळलं होय? साळखात्यात असताना तर कधी दिसलं नाही."

"ताई, थट्टा पुरे."

"थट्टा नाही करत. काढा नीट करशील ना? तुझा भातसुद्धा करपतो. मी येऊन बघत जाईन. माझं बुडकुलं तडकवलंस तर याद राख."

आणि ती खरंच यायला लागली. दुपारची झोप झाली की पाच मजले चढून यायची. दारात टेकून जरा दम खायची आणि आत आल्याआल्या आच कमी करायची, सूमेईने ती आधीच कमी केलेली असली तरी. मग काढा आटेपर्यंत दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. कधी सूर्यफुलाच्या बिया फोडायच्या, कधी कोबी निवडायच्या. बोलायला विषय लागत नसे. मेलेली माणसं, गिरणीतली भांडणं, हाइथाओला आवडणारी पण त्याला होकार न देणारी मुलगी. मध्येच युनशिया कुणाची तरी नक्कल करायची आणि सूमेईला हसून हसून ठसका लागायचा. काढा कडू असायचा. सूमेई तो तोंड वाकडं करून प्यायची, आणि युनशिया म्हणायची, "पी, पी, राजाला दे."

सकाळी चौकात सूमेई तिच्या बरोबर मागे उभी राहायची. आठ प्रकारांतला पाचवा तिला विशेष जमायचा. पाय फाकवून खाली बसायचं, हात मांड्यांवर टेकायचे आणि डोकं एकीकडून दुसरीकडे सावकाश झोकायचं. त्याने हृदयातली आग उतरते म्हणतात. शरद ऋतू लागला तसं युनशिया हा प्रकार करेनाशी झाली. नुसती उभी राहून मोजणी करायची. "गुडघे," ती म्हणायची. सूमेईने ते खरं मानलं. तिने विचारलंही नाही, कारण त्या दिवसांत आजारी ती स्वतः होती, आणि आजारी माणसाला दुसरं कुणी आजारी असेल असं सहसा सुचत नाही. हे तिचं चुकलं, असं मला वाटतं. पण उन्हाळाभर इतक्या दिवसांनी कुणी तिची चौकशी करत होतं, तेव्हा तिने आपली पाळी थोडी लांबवली तर तिला फार बोल लावताही येत नाही.

पहिली थंडी पडेपर्यंत सूमेईचं ठोकणं थांबलं. मेंग वैद्यांनी पुन्हा तीन बोटं टेकली आणि म्हणाले, "आता पुरे. औषध बंद."

"आणखी थोडे दिवस घेऊ का?"

"बरं झाल्यावर कशाला घेतेस? गोड लागायला लागला की काय?"

काढा थांबला आणि युनशियाचं येणंही थांबलं. तसं कारणही झालं. तिची मुलगी वेइवेइ नुकत्याच झालेल्या बाळाला घेऊन हिवाळ्यापुरती माहेरी राहायला आली होती. जावई जहाजावर, म्हणून. युनशिया चौकातही येईनाशी झाली. पुढे उभं राहायचं काम पानभाऊंकडे गेलं, आणि ते मोजताना आकडे विसरायचे. सूमेई रोज जायची, वाकायची, डोकं झोकायची, घरी यायची. राळ्याची पेज करायची आणि एका वाटीपुरतीच ठेवायची. दुपारी शेगडीजवळ ते रिकामं बुडकुलं बसलेलं असायचं. ते न्यायला कुणी येत नव्हतं. आता लोक विजेच्या भांड्यात काढा करतात, नाहीतर दुकानदारच उकळून पिशव्या भरून देतो. पिशवी गरम पाण्यात धरायची, फोडायची, प्यायची, संपलं. कुणाच्या दारात जायला नको.

एकदोनदा तिने जुन्या पुड्यांतल्या उरलेल्या बिया उगाच उकळायला टाकल्या. वास जिन्यातून खाली गेला तर कुणीतरी विचारेल, असं तिला वाटलं असावं. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याने खिडकी लावून घेतली.

नववर्षाच्या आधीच्या आठवड्यात हाइथाओचा फोन आला. यंदा येता येणार नाही, बंदरावर सुट्टीतही पाळी लागली आहे.

"बरं, बरं," सूमेई म्हणाली. "कामच महत्त्वाचं. मीही इथे गडबडीतच आहे."

ती गडबडीत होती, ते खोटं नव्हतं. नववर्षाआधी घर धुवायचं असतं, ते ती धूत होती. धुता धुता बुडकुलं हातात आलं. तिने ते आतून बाहेरून घासलं. वर्षानुवर्षांचा काळा थर जाणार नव्हता, पण ती घासत राहिली, आणि घासताना तिच्या डोक्यात ते आलं. तिला नियम ठाऊक नव्हता असं नाही. लहान पोरालाही ठाऊक असतो. पण तिला युनशियाच्या दारात जायला कारण हवं होतं, आणि आख्ख्या घरात युनशियाची म्हणावी अशी ती एकच वस्तू होती. तिने मनाची समजूत घातली. धुतलंय, चकचकीत केलंय, आता हे काढ्याचं कुठे राहिलं? वर तिने त्यात लाल बोरं भरली, लाल कापड बांधलं. ही तर नववर्षाची भेट, असं स्वतःला सांगत ती पाच मजले उतरली.

दार युनशियानेच उघडलं. कडेवर बाळ होतं. सूमेईला बघून ती आधी हसली. मग तिची नजर खाली गेली. लाल कापडातूनही ती चोच ओळखू येत होती.

"काय आणलंस हे?"

"ताई, बोरं आहेत. बाळाच्या आईला. आणि म्हटलं, तुझं बुडकुलंही..."

"सूमेई." युनशियाचा आवाज इतका बारीक झाला की तो तिचा वाटेना. तिने वळून बाळ मुलीकडे दिलं, बाहेर आली आणि दार आपल्यामागे ओढून घेतलं. "दारात आणलंस? या घरात? या दिवसांत?"

"मी धुतलंय गं."

"धुतलंय म्हणते." युनशियाने ते तिच्या हातातून घेतलं, दोन पावलं उंबऱ्यापासून लांब नेलं आणि अंगणातल्या फरशीवर आपटलं. बोरं चहूकडे गेली. पलीकडे सायकल पुसणारे पानभाऊ उठून उभे राहिले. काही फुटलं तर अशा वेळी कुणीतरी चटकन म्हणतं, फुटलं ते बरं, वर्षभर शांती. ते कुणी म्हणालं नाही. युनशिया छातीवर हात ठेवून उभी होती. "जा घरी," ती म्हणाली, आणि आत गेली.

सूमेईने खापऱ्या गोळा केल्या. बोरं गोळा केली नाहीत. नववर्षाच्या संध्याकाळी तिने पीठ मळलं, पाऱ्या लाटून, सारण भरून च्याओझ केले, उकडले आणि नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवून एकटीने खाल्ले. बाहेर फटाके वाजत होते, आणि तिच्या छातीतही पुन्हा ठोकणं सुरू झालं होतं.

नववर्षानंतर पंधरवड्याने, कंदिलांच्या पौर्णिमेला भर दुपारी युनशिया भाजीच्या गल्लीत छाती धरून खाली बसली. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली. ही बातमी सूमेईला चौकात पानभाऊंकडून कळली. ते आणखी काही बोलले नाहीत, पण बाकीच्यांचं बोलून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सूमेई तिच्या जागेवर उभी राहिली तर शेजारच्या दोघी जरा सरकल्या. मागची रांगही सरकली. हात पसरायला सगळ्यांनाच जागा लागते, पण एवढी लागत नाही. तिने पाचवा प्रकार करायला डोकं खाली घातलं आणि तिला वाटलं, आता वर करूच नये. हृदयाचा आजार तिचा होता. तोच तिने बुडकुल्यात भरून, लाल कापडात बांधून, आपल्या पायाने ताईच्या दारात नेला होता. असं तिला खरोखरच वाटत होतं. त्यावर कुणी तिची समजूत घालायला हवी होती, आणि ते काम ज्या माणसाने केलं असतं, तेच माणूस दवाखान्यात होतं.

अन्न जाईना तेव्हा ती मेंग वैद्यांकडे गेली. बाकावर आधीच वेइवेइ बसली होती. सूमेई दारातूनच परत फिरणार होती.

"काकू, या की," वेइवेइ म्हणाली. "का पळताय?"

"आई कशी आहे?"

"परवा घरी आणलं. बरी आहे. चिडचिड करते म्हणजे बरीच असणार."

सूमेई उभीच राहिली. मग तिला जे विचारायचं होतं ते ती वैद्यांकडे बघून बोलली, वेइवेइकडे बघायचा धीर होईना. "माझ्यामुळे झालं का हो? बुडकुल्यामुळे?"

वेइवेइ कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो काकू, काय बोलताय. आईचं हृदय दोन वर्षांपासून बिघडलंय. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, जिने चढायचे नाहीत. म्हणून तर जिना चढून कुठे जात नव्हती."

सूमेईला बाकावर बसावं लागलं. कुठे जात नव्हती. उन्हाळाभर, रोज, पाच मजले. दारात टेकून दम खायची आणि म्हणायची, तुझा जिना फार उभा आहे.

"ती माझ्याकडे यायची," ती म्हणाली.

"हो, ते मला आता कळलं," वेइवेइ म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा धार आली. "मी विचारलं, कशाला मरायला चढत होतीस? तर म्हणते, सूमेई कुणाशी बोलत नव्हती. जीभ वाळत चालली होती तिची. काकू, तुम्हाला कधी शंकासुद्धा आली नाही?"

"नाही," सूमेई म्हणाली. खरं तेच होतं.

मेंग वैद्य पुड्या बांधत होते, ते थांबले. "तिने मलाही बजावलं होतं, कुणाला सांगू नका म्हणून. तिची नाडी मी तेव्हापासून बघतोय." मग ते सूमेईकडे वळले. "ऐक. तिच्याकडे जायचं तर जा. पण तिच्या हृदयाला आता काही सोसवणार नाही. दुःखाने ते आवळतं, भीतीने दबतं, आणि फार आनंदानेही सैल पडतं. रडायला जाणार असशील तर जाऊ नकोस. आपलं दुःख चपलांसारखं बाहेर काढून ठेव आणि मग आत जा."

सूमेई रोज जायला निघाली आणि रोज त्या अंगणातून परत आली. तीच फरशी, तेच दार. एकदा त्या दारात तिने काय नेलं होतं ते सगळी वसाहत विसरली असती तरी तिचे पाय विसरत नव्हते. खिडकीत दिवा दिसायचा, बाळाचं रडणं ऐकू यायचं. ती भाजीची पिशवी घेऊन पाच मजले चढायची, आणि चढताना प्रत्येक मजल्यावर तिला ताईचं दम लागणं आठवायचं.

मग पानभाऊंनी सांगितलं, पुढल्या आठवड्यात वेइवेइ आईला आपल्या घरी, छिंगदाओला नेते आहे. कायमचंच. तिथे घराला लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. "चांगलंच झालं," पानभाऊ म्हणाले, आणि त्यांनाही ते फारसं चांगलं वाटत नसावं, कारण त्या सकाळी ते मोजणी चारदा विसरले.

त्यानंतर दोनएक दिवसांनी, दुपारी, सूमेई अंथरुणावर डोळे मिटून पडली होती. जिन्यात पावलं वाजली. सावकाश. थोडी वाजली आणि थांबली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा दोन-चार. वसाहतीतल्या सगळ्या पायांचे आवाज तिला पाठ होते. एकट्या माणसाला दुसरं काय काम असतं? हे पाऊल कुणाचं ते तिला पहिल्यांदा थांबलं तेव्हाच कळलं. ती तशीच, पायात एकच चप्पल घालून खाली धावली.

युनशिया दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभी होती. ओठ निळसर, कपाळावर घाम.

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"ओरडू नकोस," युनशिया म्हणाली. "वेइवेइ बाळाला घेऊन टोचायला गेलीय. तेवढ्यात आले. वर चल."

"वर नाही जायचं. इथेच बस. बस म्हणते ना."

तिने युनशियाला पायरीवर बसवलं आणि शेजारी बसली. पहिल्यांदाच सूमेईने ताईवर हुकूम चालवला होता आणि तो ऐकला गेला होता. सूमेईने तिचं मनगट धरलं. नाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, ते धरावंसं वाटलं म्हणून धरलं. आत कसलीशी धावपळ चालली होती. हळूहळू ती ओसरली.

"त्या दिवशी फोडलं ते," युनशिया म्हणाली, "तुला वाटलं बाळासाठी."

"हो."

"बाळासाठी नव्हे. त्या आठवड्यात माझी छाती रोज दुखत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. दार उघडलं तर तू बुडकुलं घेऊन उभी. मला वाटलं, झालं, हे माझं माझ्याकडे आलं. मी घाबरले, सूमेई. या वयात, इतकी घाबरले की तुझ्यादेखत आपटलं." तिने कपाळावरचा घाम पुसला. "तुझं काही चुकलं नाही असं नाही हं. नववर्षाला बुडकुलं? अक्कल गहाण ठेवली होतीस?"

"तुझ्याकडे यायला कारण नव्हतं," सूमेई म्हणाली.

"माझ्याकडे यायला तुला कारण लागतं?"

तिसऱ्या मजल्यावरचा तरुण खालून आला, दोघींच्या मधून पाय टाकत, "माफ करा, काकू," म्हणत वर गेला.

"मला छिंगदाओला नेतायत," युनशिया म्हणाली. "समुद्र आहे म्हणे. मला काय करायचाय समुद्र? सूमेई, खरं सांग. तुझं कसं होणार इथे? हाच एक घोर लागलाय मला. तू एकटी राहणार असशील तर मी वेइवेइला सांगते, नाही येत म्हणून. ती आदळआपट करील, करू दे. तू एकदा म्हण, ताई राहा. मी राहते."

सूमेईच्या जिभेवर ते शब्द आले होते. गेलं वर्षभर ते तिथेच होते. राहा ना, ताई, मला दुसरं कुणी नाही. तेवढंच म्हणायचं होतं. तिच्या बोटांखाली ते मनगट अजून थरथरत होतं.

"माझं कसलं काय होणार?" ती म्हणाली. "हाइथाओ परत येतोय."

"काय?"

"बदली मागितली होती, मिळाली. लग्नही ठरवलंय. ती मुलगी, मी सांगितली होती ना, तीच. दोघं इथेच राहणार माझ्याकडे. आता घर रंगवायचं आहे, पलंग आणायचा आहे. मला एक क्षण फुरसत नाही बघ. दुपारी जरा पाठ टेकायची म्हटलं तर कुणी ना कुणी येतंच."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुला आनंद झाला असता. वैद्य म्हणाले, फार आनंद तुझ्या हृदयाला चालणार नाही."

युनशियाने तिच्याकडे बघितलं, आणि मग ती हसायला लागली. आवाज न करता, एका हाताने छाती धरून. "मेल्या मेंगचं सगळंच विचित्र," ती म्हणाली. "बरं झालं. खूप बरं झालं गं. मग मी सुखाने जाते." तिने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण इतका उघड उतरला की सूमेईला तिकडे बघवेना.

सूमेईने तिला धरून खाली नेलं. दारातून युनशिया एकटीच आपल्या इमारतीकडे गेली, सोबत नको म्हणाली. अंगण ओलांडताना ती मध्येच वळली आणि हाक मारून म्हणाली, "सुनेला कांद्याची पात घालून च्याओझ कर. सगळ्या सुनांना आवडतात."

"करते," सूमेई म्हणाली, आणि हसत हात हलवत राहिली. समोरचं दार लागलं तरी ती थोडा वेळ तशीच हसत उभी होती. मग ती जिन्याकडे वळली. वर जायची घाई नव्हती, म्हणून ती पहिल्याच पायरीवर बसली आणि पोटभर रडली.